आरक्षण क्रमांक एकशे सात

हिरवा रंग मी भरला होता.
दोन नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून,
खणभागाच्या नकाशावर नखाएवढा चौकोन:
आरक्षण क्रमांक एकशे सात, बाग.
साहेब म्हणाले, कडेबाहेर जाऊ देऊ नका.
नाही जाऊ दिला.

मग नोकरी संपली.
नकाशा कपाटात राहिला, मी गल्लीत.
इथं दोन स्कूटर समोरासमोर आल्या
की एकीला कुणाच्या तरी ओट्याला खेटावं लागतं.
इथं उन्हालाही सवड नसते,
साडेअकराला येतं, बाराला पुढच्या इमारतीत जातं,
आणि वाळत घातलेले कपडे
त्या अर्ध्या तासासाठी भांडतात.

शमीम बागवानची फळांची गाडी
रात्री माझ्या खिडकीखाली उभी असते.
तिचा नातू झियान सायकल शिकतोय.
शिकतोय म्हणजे सात पायडल,
गटाराचं हलतं झाकण, ब्रेक,
उतरायचं, सायकल उचलून तोंड फिरवायचं,
पुन्हा सात पायडल.
सरळ जायला आलं त्याला.
वळणं अजून माहीत नाही.

"आडनाव बागवान," शमीम म्हणाली,
"आणि पोराला वळायला जागा नाही.
काका, तुम्ही हापिसात होता ना?
आपल्याला बाग लिहिलीय का कुठं?"

लिहिलीय म्हणालो. आणि चूक केली.
आता दाखवायला न्यावं लागलं.

एकशे सातवर तीन मजली मंगल कार्यालय.
नाव 'वृंदावन'. दाराशी प्लास्टिकची वेल,
तिला रोज ओल्या फडक्यानं पुसतात.
मी सांगत राहिलो: मालकाची खरेदी सूचना,
पालिकेकडं पैसे नाहीत, मुदत गेली,
आरक्षण व्यपगत झालं.
"व्यपगत म्हणजे?"
म्हणालो, उडालं.
"रंगच कच्चा असंल," ती म्हणाली.

दुसरी बाग आहे की, मोठ्या रस्त्यापलीकडं.
सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ.
सहाला शमीम सौद्यात असते,
पाचला गिऱ्हाईक.
दुपारी तिला वेळ असतो, दुपारी कुलूप असतं.
आत घसरगुंडी एकटी तापत पडते,
बाहेर गजांतून हात घालून झियान
शेवंतीचं एक पान ओढतो.
वॉचमन मगदूम वाईट माणूस नाही,
त्यानं फक्त बोर्डाकडं बोट केलं.

मग मला निळी रेघ आठवली.
तीही मीच ओढली होती.
नदी कुठवर येते त्याची रेघ,
तिच्या आत बांधकामाला परवानगी नाही.
त्या दिवशी सौदे बंद होते.
सायकल हातात धरून आम्ही तिघं
दोन सिग्नल, एक उघडा नाला, पंचवीस मिनिटं चाललो.

खाली कृष्णा. अलीकडं चिखल वाळून
भाकरीसारखा तडकलेला.
बाभळीच्या फांद्यांत मागल्या पुरानं अडकवलेली
कुणाची तरी परकराची लेस.
बाक नाही, बोर्ड नाही, वेळ नाही.
आकाश मात्र अख्खं,
इतकं की शमीमनं पदर सावरला,
कुणी बघत असल्यासारखा.

झियान निघाला. सात पायडल झाली
आणि सवयीनं त्यानं ब्रेक दाबला.
मागं वळून आमच्याकडं पाहिलं.
"जा की!" ती ओरडली.
आठ. नऊ. मी श्वास रोखलेला,
जुन्या सवयीनं.
सायकल कलली, पडली नाही,
गोल मोठा होत गेला, वाकडातिकडा,
कडेबाहेर गेला.
जाऊ दिला.

इथं बाग लिहायची नाही कुणी.
श्रावणात नदी आपली जागा मागायला येईल,
तेव्हा देऊन टाकावी लागेल, मुकाट.
तोवर पोरांची आहे, एवढंच.

परतताना शमीम हिशेबात होती:
जाऊन येऊन तास मोडतो,
रोज कुठला जमायला, गाडी कोण बघणार.
म्हणालो, मी बसतो.
तिनं माझ्याकडं नीट पाहिलं,
चष्म्याकडं, इस्त्रीच्या सदऱ्याकडं.
"पेरू वीसला पाव," ती म्हणाली.
"आणि कुणी पंधरा म्हणालं
तर हसायचं नाही, काका. गप्प बसायचं."