काचेखालचा आठवडा

सोमवारी शटर अर्ध्यातच अडकलं.
पहिलं गिऱ्हाईक वाकून आत आलं,
जांबोटीकडचा सातेरी घाडी.
तो मुळात वाकलेलाच, त्याला काही फरक पडला नाही.
पिशवीतनं तीन कागद काढले:
आधारवर सातेरी,
रेशन कार्डावर सटेरी,
शाळेच्या दाखल्यावर साताप्पा.
"तिन्ही मारा की झेरॉक्स," म्हणाला,
"तिघांतला कोण तरी एकटा मंजूर होईल."

लोक प्रत घेऊन जातात, मूळ कागद काचेखाली विसरतात.
खानापूरच्या स्टँडसमोर अकरा वर्षं बसून
हे एवढं एकच ज्ञान मला झालंय.
त्यांच्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय.
आत दोन उतारे, नंदगडच्या कुणाचं तरी लाईट बिल,
आणि लग्नाच्या मुहूर्ताचं एक टिपण.
लग्न एव्हाना होऊन गेलं असेल.
संध्याकाळी डब्यात साताप्पाची भर पडली.

मंगळवारी वीज नव्हती. बुधवारीही.
वीज गेली की माझं दुकान म्हणजे नुसतं एक टेबल,
आणि मी टेबलामागं बसलेला एक माणूस.
मग बाहेर बघायचं.
समोरच्या गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये.
गंगव्वाला कन्नड वाचता येत नाही, मराठीही नाही,
खरं तिची गाडी कधी चुकत नाही.
बिडीच्या गाडीचा डावा दिवा फुटलाय,
लोंढ्याच्या ड्रायव्हरला मिशा आहेत,
बेळगावची आली की शेंगावाली पोरं आधी पळतात.
बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून
ती बेळगावला जाते, स्टँडवर पाणी पिते, परत येते.
काम काही नसतं.
खिडकीत बसायचं, वारं खायचं,
शून्य रुपयांचं तिकीट कनवटीला लावून आणायचं.
बुधवारी सगळी तिकिटं माझ्या टेबलावर ओतली.
"मोज."
बत्तीस.
"बेरीज किती झाली?"
शून्य, गंगव्वा.
"आणि वाऱ्याची?"

चहावाला बसवण्णी उधारी कन्नडमध्ये मोजतो
आणि शिव्या मराठीत देतो.
एकदा उलटं करून बघ, म्हटलं.
केलं त्यानं.
शिवी मध्येच अडली,
आणि माझ्या नावावरचे सात चहा कुठं तरी हरवले.
आता तो प्रयोग नको म्हणतो. मी रोज आग्रह करतो.

माझ्या पाटीवर इरफान पेंटरनं
एकच शब्द तीन लिप्यांत लिहिलाय.
कन्नड मोठं, इंग्रजी मधलं, मराठी कोपऱ्यात,
तिथं येईतो रंग संपत आला म्हणून अर्धचंद्र राहिला.
झेराक्स.
त्यावरून परवा दोघं दारात तावातावानं भांडले,
कुणाचं अक्षर किती इंचाचं असावं.
मी टेप घेऊन बाहेर आलो, तर निघून गेले.
शब्द तिघांपैकी कुणाचाच नाही,
हे सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी ती कसूतीवाली मुलगी आली,
चौकटीच्या वहीत रंगवलेला पोपट घेऊन.
"थोडा मोठा करा,
खरं चोच एवढीच ठेवा."
पोपट मोठा केला की चोच मोठी होते, हे तिला समजावलं.
ती म्हणाली, "का?"
मशीनकडं बघितलं.
ते नुसतं घरघरत होतं.
शेवटी दोन प्रती काढल्या, एक मोठी, एक होती तेवढी,
आणि कात्रीनं एकाची चोच दुसऱ्याला लावून दिली.
पैसे एकाच पोपटाचे घेतले.

आज रविवार, बाजार.
रताळ्यांच्या ढिगापाशी पाठमोरा सातेरी दिसला,
एकेक रताळं उचलून, माती झाडून, परत ठेवत.
दाखल्याची आठवण झाली.
गंमत म्हणून लांबूनच हाक मारली,
"साताप्पा!"
तो वळला नाही.
त्याच्या पलीकडं मिरच्या विकणारा एक म्हातारा वळला,
डोळ्यांवर हात धरून मला नीट न्याहाळलं,
आणि म्हणाला,
"व्हय. कोण तू?"