वजनकाटा, सोहार

रात्रभर शमाल वाहिला.
सकाळी काट्याच्या पत्र्यावर इतकी धूळ
की एकही गाडी चढलेली नसताना
पडद्यावर वीस किलो.
झाडू घेतला, झाडलं, शून्याचं बटण दाबलं.
अकरा वर्षं माझा दिवस असाच उघडतो.

शुक्रवारी आम्ही नऊ जण
सुवार्ताबाईंच्या हॉलमध्ये बसतो. चपला बाहेर, एसी बंद;
त्याच्या घरघरीत प्रार्थना ऐकू येत नाही म्हणतात.
कुणाला, ते विचारायचं नाही.
मध्ये निडोचा रिकामा डबा, डब्यात चिठ्ठ्या,
दर चिठ्ठीवर एका देशाचं नाव, बाईंच्या नर्सच्या अक्षरात.
ज्याला जो निघेल, त्यानं तो आठवडाभर उचलायचा.
रणपिसेला नेहमी छोटी बेटं निघतात.
दोन वाक्यांत आमेन, आणि नजर पोह्यांवर.

मला या वेळी तो देश निघाला.
नाव सांगत नाही.
चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

रविवारी इद्रिसचा ट्रेलर आला, बंदरावरून थेट, भंगार भरून.
एक्केचाळीस टन दोनशे ऐंशी.
ताडपत्री सारून पाहिलं:
पिळवटलेल्या सळया, पिठाच्या गिरणीचं चाक,
शाळेचे बाक, रंग अजून हिरवा.
कुठला माल, विचारलं.
त्यानं ज्या गावाचं नाव घेतलं,
त्याच्यावर माझ्या खिशातला देश
तीन रात्री बरसला होता.
एका बाकावर कर्कटकानं नाव कोरलेलं.
अरबी मला अक्षराला अक्षर लावून वाचता येतं.
पहिलं अक्षर लावलं
आणि थांबलो.

त्या रात्री म्हटलं, देवा,
तुझ्याकडेही काटा आहे ना?
चढव त्यांना. ताडपत्री काढ.
पावती छाप तीन प्रतींत,
सहीला मी आहे.

संध्याकाळच्या आत इद्रिस माल उतरवून परतला होता,
ते तेव्हा आठवलं नाही.
रिकामी गाडी पुन्हा चढवावी लागते.
मालाचं वजन हवं तर आधी गाडी वजा,
डिझेल वजा, पाण्याचं पिंप वजा,
इद्रिस वजा, त्याच्या सीटमागची नमाजाची चटई,
ओम्दुर्मानला कधीच न पोचलेली बाहुली, वजा.
जे भंगार नाही ते भंगारात धरायचं नाही.
हा नियम मी रोज शिकवतो नव्या पोरांना.

मग त्या देशातही
पहाटे भट्टी पेटवणारा कुणी असेल,
दोरीवर चादरी टाकणारी कुणी,
विमानांचा आवाज ऐकून
उशी कानावर ओढून घेणारा कुणी.
हा शेवटचा माझ्या ओळखीचा.
आमच्या तालुक्यात एक घर जळत होतं
तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती.
धूर येतो म्हणून.

सोमवारी, गाड्या यायच्या आधी, मीच काट्यावर उभा राहिलो.
ऐंशी.
त्यातून काय वजा करायचं
ते सुचेना.
उभाच राहिलो, मागून पहिल्या ट्रकनं हॉर्न देईतो.

न्याय कर, हे मी मागे घेतलेलं नाही.
तो बाक कुणाचा, याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा.
फक्त आता सहीसाठी पुढे केलेला हात
मी मागे ओढलाय,
आणि तो कुठे ठेवावा कळत नाही.

शुक्रवारी बाईंनी विचारलं, झाली का प्रार्थना?
म्हटलं, अर्धी.
चिठ्ठी डब्यात परत टाकायची असते.
मी टाकली नाही.
अजून एक आठवडा, म्हटलं,
हा देश माझ्याकडेच राहू दे.