चोवीस नंबर

सोमवारी शाळा भरली तेव्हा
कुणीतरी त्याचा बाक आधीच उचलून नेला होता.
चांगल्या मनाने. बहुतेक बाळारामनेच,
त्याला पोरांचं फार लागतं.
पण बाक होता तिथली फरशी
बाकीच्या वर्गापेक्षा उजळ निघाली,
आणि दहावी ब ची एकेचाळीस मुलं
त्या उजळ चौकोनाला वळसा घालून बसली.

मी हजेरी घेतली. तेवीस म्हटलं.
पंचवीस म्हणायला मला किती वेळ लागला
ते मुलांनी मोजलं असणार.
मुलं सगळं मोजतात.

कन्नमवार नगरात तोवर कारणं तयार होती.
दूधकेंद्रावर एक, रिक्षा स्टँडवर दुसरं,
टीचर्स रूममध्ये तर चहाच्या कपागणिक एक:
प्रिलिमचे मार्क, मोबाइल, घरचं काहीतरी.
मी मराठी शिकवते.
'कारण लिहा, गुण दोन'
हा प्रश्न मला पुन्हा काढवेल असं वाटत नाही.

तांडेल बाई आल्या, समुपदेशक.
पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी.
म्हणाल्या, आधी बाक परत आणा.
म्हणाल्या, निनादचं नाव घ्या. घाबरू नका.
कसं झालं ते सांगत बसू नका,
आणि कुणी एकच कारण सांगितलं
तर मान डोलवू नका.
ज्याला रडू येत नाही
त्यालाही जागा ठेवा.

वरद शेलार मोठ्याने हसला
आणि मग त्याला उलटी झाली.
झुनैरा म्हणाली, मी त्याला दोन दिवस ब्लॉक केलं होतं.
माझ्यामुळे का?
तांडेल बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या,
गुडघे दुखत असावेत, वेळ लागला.
नाही, म्हणाल्या.
आणि त्या नाहीनंतर काहीच बोलल्या नाहीत,
फक्त उठल्या नाहीत.

माझं मी गेटपाशी सांगितलं, शाळा सुटल्यावर.
गुरुवारी तो दारात उभा होता.
टीचर, वेळ आहे का?
माझ्या हातात पेपरांचा गठ्ठा.
उद्या ये, म्हटलं.
ओके टीचर, म्हणाला. हसला पण.

तुमची चूक नाही, असं त्या पटकन म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, हे वाक्य एकटीने घरी नेऊ नका.
मग हायवेपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या,
त्यांची बस उलट्या दिशेला होती तरी.

डिसेंबरात खाडीकडून जरा गार वारा येतो.
दारात प्रज्ञा जांभळे.
टीचर, वेळ आहे का?
तेच शब्द. हातात तसाच गठ्ठा.
मी लाल पेनाला टोपण लावलं.
बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं,
मला शिकवलं होतं तसं, सरळ:
जीव द्यावासा वाटतो का तुला?
काही कोसळलं नाही.
खाली मैदानात पीटीची शिट्टी वाजत राहिली.
तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी
पहिल्यांदाच तिचं आडनाव नीट उच्चारावं.
कधी कधी, म्हणाली. रात्रीचं.

आयुष्य सुंदर आहे वगैरे मी बोलले नाही.
आज रात्री जवळ कोण असेल, विचारलं.
मावशी.
मावशीला सांगूया? आपण दोघी?
खूप वेळाने मान हलली.
तांडेल बाईंना फोन लावला, स्पीकरवर.
बॅटरी नऊ टक्के. बाळारामने
न विचारता चार्जर आणला, दोन कटिंग आणले.
नववीचा तास बुडाला. नववीने दंगा केला.
करू दे.

मावशी न्यायला आली, ऑफिसच्या आयकार्डासकट.
प्रज्ञा जिन्यावरून परत वर आली.
टीचर, उद्या येऊ?

गठ्ठा अजून तपासायचाय.
बाकाखालची फरशी आता बाकीच्यांइतकीच मळलीय.
तेवीसनंतर मी अजून थांबते,
मुलंही थांबतात,
मग कुणीतरी खोकतं, आणि पंचवीस.

ये, म्हटलं. साडेसातला ये.
मी सातलाच असते.