मोलचा धडा, तिसऱ्यांदा

केयोनमध्ये जुलैत साडेआठशिवाय उजाडत नाही.
मी आठला वर्गातली शेगडी पेटवते.
लाकूड आणायची पाळी आज एलिसेओची.
तो आलाय, लाकूड आलेलं नाही.
कालचं उरलंय ते ओलं.
धुरातूनच फळ्यावर लिहिते: मोल.

सहाशे दोन, त्यापुढे एकवीस शून्यं.
शून्यं काढता काढता फळा संपतो,
उरलेली चार भिंतीवर काढते. तेवढं एक हसू मिळतं.
बेतसाबे विचारते, "एवढे कण मोजले कुणी?"
सतरा वर्षं दरवर्षी कुणीतरी हे विचारतं
आणि सतरा वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघते,
बेटावरची माणसं धक्क्यावर उभी राहून
बोटीची बघतात तशी:
येणार हे माहीत असतं, तरी मान उंचावतेच.

शेवटच्या बाकावर नाईन झोपलाय.
पहाटे चारपर्यंत सॅमन कापत होता.
वय सोळा, कारखान्याच्या कागदावर अठरा.
त्याच्या उत्तरपत्रिकेवरचं नाव मला वाचावं लागत नाही,
वासावरून कळते.
तासाचं मोल त्याला पक्कं ठाऊक आहे,
कणांचं मी सांगतेय.
उठवू?
नियम म्हणतो, उठव.
मी आवाज थोडा खाली आणते.

कारण मागच्या वर्षी यास्नाला उठवलं होतं.
सगळ्यांसमोर.
"झोपायला घर असतं," म्हणाले होते.
वर्ग हसला. मीही, जराशी.
ऑगस्टपासून ती आली नाही.
तिच्या घरात झोपता का येत नव्हतं
ते मला मासळीवालीकडून कळलं, सप्टेंबरात,
शिंपल्यांचे पैसे मोजता मोजता.
हजेरी घेताना अजून जीभ
बारा आणि चौदाच्या मध्ये अडखळते.
यंदा तेरा नंबरला भलताच कुणी आहे, बिचारा.
त्याला वाटतं, बाईंचा आपल्यावर राग आहे.

परवा रात्री अकराला फोन वाजला.
"प्रोफे, मी मिलालोंको. दागोबेर्तो."
कोण ते आठवायला वेळ लागला.
दोनदा नापास, खिडकीजवळचा,
ज्याला मी एकदा म्हटलं होतं,
तुझं डोकं म्हणजे ओलं लाकूड.
आता समुद्रातल्या पिंजऱ्यांवर असतो,
पाण्यातला ऑक्सिजन मोजतो.
"यंत्र मिलिमोल दाखवतंय, प्रोफे,
वहीत मिलिग्रॅम लिहायचेत,
साहेब फोन उचलत नाही
आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत."
"आकडा सांग."
"शून्य दशांश एक."
मी वीजबिलाच्या पाठीवर मांडायला घेतलं,
तेवढ्यात तोच म्हणाला, "बत्तीसनं गुणायचं ना?"
"हो."
मागे वारा. कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.
"तीन पूर्णांक दोन. कमी आहे."
"कमी आहे," मी म्हणाले.
"पंप लावतो." फोन बंद.
आभार नाहीत, कशा आहात नाही, काही नाही.

मी त्या आकड्याकडे खूप वेळ बघत बसले.
मग बिल उलटलं.
भरायची तारीख होऊन गेली होती,
आणि तरी हसू येत होतं, एकटीच असताना, वेड्यासारखं.
सकाळी शिक्षकांच्या खोलीत सांगावंसं वाटलं.
पण तिथे भत्ता कधी मिळणार याचं चाललं होतं,
तेही खरंच होतं, मग मीही त्यातच बोलले.

घंटा होते. खुर्च्या सरकतात.
नाईन दचकून उठतो, गालावर वहीची रेघ.
फळ्याकडे बघतो, मग भिंतीकडे.
"प्रोफे, ही शून्यं कशाची?"
मधली सुट्टी पंधरा मिनिटांची.
माझी भाकरी डब्यात, चहा गार होत आलेला.
"शेगडीजवळ ये," म्हणते. "बस."
आणि पुन्हा पहिल्यापासून, सहाशे दोन.

एलिसेओ उद्या दोन ओंडके आणतो म्हणालाय.
बघू.