दोन शेवट

(कोपनहेगन, १९१३)

मुलगी बुडते ती रशियासाठी.
मुलगी वाचते ती उरलेल्या सगळ्या जगासाठी.
मालक म्हणतात, तिकडच्यांना रडल्याशिवाय
तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत.

मी थीरा. काचेच्या छपराखाली शेवटचं टेबल माझं.
कात्री, ब्रश,
नासपतीसारखा वास येणारा डिंक.
पहिली तीन रिळं दोन्हीकडे तीच:
दीपगृहाचा रखवालदार, त्याची मुलगी.
ती खिडकीत हातमोजे विसरते,
परत येते, हसते, घेऊन जाते.
एवढंच.

पण शेवटी पाणी जोडलं
की त्या हातमोज्यांकडे बघवत नाही.
होडी जोडली
की ते नुसते हातमोजे.
त्या तुकड्याला मी बोटही लावलेलं नसतं.
शेवट उलटा चालत येतो, पाय न वाजवता,
आणि आधीच्या खोल्यांमधले दिवे बदलून जातो.

गेल्या हिवाळ्यात डब्यांची अदलाबदल झाली.
चूक माझीच. आईला खोकला होता,
लेबलं मी झोपेत चिकटवली.
ओडेसात मुलगी वाचली.
तिथल्या व्यवस्थापकाचं पत्र आलं:
दिवे लागले तरी लोक उठेनात,
अजून एक रीळ बाकी असेल म्हणून बसून राहिले.
आणि ऑर्हुसला ती बुडाली.
तिथली एक पाववाली दुसऱ्या दिवशी पुन्हा आली,
तिसऱ्याही, रोज तिकीट काढून,
आज तरी कुणी होडी सोडतंय का बघायला.

कापायचं काम माझं,
पण त्या महिन्यात मालकांनी कापलं. पगार.

माझा भाऊ एस्किल्ड मार्चमध्ये हेरिंग धरायला गेला.
होडी सापडली.
निघताना दारातून वळून तो काहीतरी म्हणाला,
मी पीठ मळत होते, नीट ऐकलं नाही.
"येतो" म्हणाला,
की नुसतंच "वारा आहे"?
रोज वेगळं ऐकू येतं.

त्याचे जुने बूट आई चुलीपाशी ठेवते,
रात्री एकदा फिरवून
दुसरी बाजू शेकते.
काल ती लवकर झोपली, मीच फिरवले.
डाव्याची नाडी तुटलीय.
नवी आणावी का?