काळजाची रेघ

आधी रूळ काढत नाहीत.
आधी काढतात बसणाऱ्याच्या काळजाची रेघ,
हवेतली, कुणाला न दिसणारी,
आणि मग तिच्यापासून मोजून-मापून खाली
रूळ लटकवतात.

हे मला नाझनीन बागवानने सांगितलं
भोसरीच्या कँटीनमध्ये,
पोह्यांच्या बशीत चमच्याने वळण काढून.
मी तोवर सत्तावीस वर्षं वेल्ड तपासत होतो:
बॉयलर, डंपर, साखर कारखान्यांच्या टाक्या.
जोडावर जेली फासायची, प्रोब फिरवायचा,
आत कुठे पोकळी आहे का, ऐकायचं.
मागच्या मे महिन्यात डॉक्टरांनी
तीच जेली माझ्या छातीवर फासली.
गार लागते, हे तेव्हा कळलं.

पाइपला वाकायचं नसतं.
वाकवला की थोडा परत फिरतो,
म्हणून दोन अंश जास्त वाकवायचा
आणि मागे येताना
आपल्याच मनासारखं झालं, असं त्याला वाटू द्यायचं.
नाझनीन म्हणाली, सासरीही असंच करतात.
हसली नाही.

जागा तळेगावच्या पुढे, माळावर.
मालकांना ज्वालामुखी पाहिजे होता.
त्यासाठी आधी खरा फोडावा लागला:
साडेतीन फुटांवर काळा कातळ,
कोट्यवधी वर्षांमागे इथेच वाहून थिजलेला,
ड्रिलची दातं खाऊन बसलेला.
अठ्ठेचाळीस पाये. सहा आठवडे उशीर.
मग त्याच्यावर जाळी, सिमेंट, फायबर,
आणि नाटकांचे पडदे रंगवून म्हातारे झालेले भिंगेकाका
परांचीवर बसून
खोट्या कातळाला काळं फासत होते.
खऱ्याचा एक तुकडा नमुन्याला शेजारी ठेवलेला.
मालक आले, मान तिरकी करून म्हणाले,
'हा काही दगड वाटत नाही हो.'
बोट खऱ्याकडे होतं.

पावणेतीन सेकंदांत शून्यावरून नव्वद.
एवढी वीज एका दमात हवी म्हटल्यावर
महावितरणचा माणूस हसला. नुसता हसला.
मग कपॅसिटर आणले,
थेंब थेंब भरणारे आणि एकदम ओतणारे,
भिशी लागल्यासारखे.
ब्रेक मात्र कुणाकडे काही मागत नाही:
चुंबक, मधून जाणारं तांब्याचं पातं, बस.
वीज नसली तरी लागतो.
गुरुवारीसुद्धा.

पहिली फेरी गुरुवारीच झाली, रात्री, जनरेटरवर.
बसले होते चोवीस जण,
प्लॅस्टिकचे, पोटात पाणी भरलेले,
कमरेला पट्टे.
कुणी देवाचं नाव घेतलं नाही.
गाडी सुटली, चढली,
आणि शेंड्याच्या चार हात अलीकडे
थांबली.

चाकं थंड होती, हे कारण नंतर सापडलं.
त्या क्षणी मला फक्त माझे जोड आठवत होते,
एक एक, नंबरासकट,
बहात्तर-अ वर प्रोब फिरवताना
मुलीचा फोन आला होता, तो घेतला होता मी.
मग गाडी मागे यायला लागली.
'येऊ दे,' नाझनीन म्हणाली, 'तेही काढलंय.'
खरंच होतं.
त्याच कागदावर परत येण्याची रेघ होती, तुटक,
मी ती घडी समजत होतो.

पहाटे बहात्तर-अ पुन्हा तपासला.
काही नव्हतं.
चोवीस जणांचं पाणी भिंगेकाकांनी
कण्हेरीच्या नव्या रोपांना घातलं.

आता दारावर पाटी आहे, पिवळी,
हृदयविकार असलेल्यांनी बसू नये.
अक्षर भिंगेकाकांचंच.
मी बसत नाही.
महिन्यातून एकदा जेलीची बाटली घेऊन जातो,
काम झालं की सतरा नंबरच्या खांबाला
तळहात लावून उभा राहतो.
आधी खांबाला कळतं,
मग हाताला,
मग कितीतरी वेळाने वरून
पोरांच्या किंकाळ्या येतात.