शून्य झ्लॉटीचं तिकीट

सानोकहून यास्वोला जाणारी सकाळची गाडी.
दोनच डबे, तपासनीस मी एकटा.
चार पूर्ण होईपर्यंत पोरांना पैसे पडत नाहीत,
त्यामुळे या मार्गावर
कुणाचंच पोर चार पूर्ण करत नाही.

बाप म्हणतो तीन, पोरगं बोटं दाखवतं पाच.
आजी म्हणते, मेल्या, हात खाली कर.
माझा आजोबा जत्रेत दात बघून
घोड्याचं वय सांगायचा.
मी बूट बघून सांगतो.

ती दर शुक्रवारी क्रोस्नोला चढायची.
काचेच्या कारखान्यातली, बोटांना चिकटपट्ट्या,
पिशवीत खसखशीचा रोल,
आणि कडेवर न मावणारा कायेतान,
पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारे.
"तीन पूर्ण नाहीत अजून. त्याचं शून्याचं तिकीट द्या."
मी बुटांकडे बघायचो. अठ्ठावीस नंबर.
"असू द्या हो, बाई," म्हणायचो
आणि एक डोळा किंचित मिटायचो,
तिला कळावं की मला कळलंय.

शेतातले बीट निघाले, पुन्हा पेरले गेले.
पोरगा आपला तीनच्या आतबाहेर.
घरी सांगितलं सुद्धा:
एक गरीब बाई आहे, मी डोळेझाक करतो.
बायकोनं सूप जरा जास्त वाढलं.

परवा डब्यात नवा साहेब होता, म्हणून विचारलं,
कागद आहे?
माझेच कान तापले. आता ही सापडणार.
तिनं प्लास्टिकचं पाकीट काढलं.
दाखला घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला,
मागून पारदर्शक पट्टीनं सांधलेला.
जन्मतारीख वाचली. बोटांवर मोजलं.
साहेब पुढच्या डब्यात गेला तरी मोजत होतो.
तीन वर्षं, दहा महिने.

"बाप असाच होता त्याचा," ती म्हणाली,
"दारातून वाकून यायचा.
दवाखान्यात मागतात, पाळणाघरात मागतात,
घसरगुंडीपाशीसुद्धा बायका मागतात.
तुम्ही एकटेच मागत नव्हता.
तुम्ही डोळा मारत होता."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल ढकलत चढ चढत होतं.
मी तिकडे बघत राहिलो.
उंची पोराची होती,
मोठेपणा मात्र इतके दिवस मी मिरवला.

यंत्रातून चिठ्ठी काढली: शून्य पूर्णांक शून्य शून्य.
कायेताननं ती दोन्ही हातांनी घेतली,
उलटी धरून वाचली,
मग परत माझ्यापुढे केली. "भोक पाडा."
पाडलं. त्यातून त्यानं आधी आईला बघितलं,
मग मला, बराच वेळ.

दोन महिने राहिलेत, म्हणजे आठ-नऊ शुक्रवार.
दर वेळी दाखला मागेन,
नीट उभा राहून, टोपी सरळ करून.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.